आबांचे चार ग्लास

पहिला गाढवपणा माझा. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे शहाणपण शिकवायला लागलो तर वाचणाऱ्याला माझी लायकी माहीत असेल.

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. सुरतेत लिंबायतला आमच्या दोन खोल्यांत ते, मी, बायको मंदा आणि आमची दोन लेकरं असे राहायचो. प्लेग येऊन गेला, शहर धुऊनपुसून लख्ख झालं, त्यानंतरची ही वर्षं. आबांचे पाय सुजायला लागले होते. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. चार पावलं चालले की धाप. आडवे झाले की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. वय झालं म्हटलं की दवाखान्याची फेरी वाचते.

शेवटी नेलं. डॉक्टर गुजराती, वयस्कर, भला माणूस. छातीचा फोटो, कार्डिओग्राम झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादानुं हार्ट नबळुं पडी गयुं छे. मटशे नहीं, पण साचवी शकाय." आजोबांचं हृदय दुबळं झालंय, बरं होणार नाही, पण जपता येईल. मग म्हणाले, "मीठुं बिलकुल बंध. अने पाणी मापीने आपवानुं. आखा दिवसमां चार ग्लास."

आता माझ्या गुजरातीचं सांगतो. रेशनच्या ऑफिसात, लाइट बिलाच्या खिडकीवर अख्खी गल्ली मला दुभाष्या म्हणून न्यायची. त्यामुळे एखादी गोष्ट पुन्हा विचारणं मला कमीपणाचं वाटायचं. मीठुं. हिंदीत मीठा म्हणजे गोड. गुजराती माणूससुद्धा गोड बोलणाऱ्याला 'मीठुं बोले छे' म्हणतो. झालं तर मग. घरी येऊन मी जाहीर केलं, "आबांचं गोड आजपासून बंद. साखर नाही, गूळ नाही."

माझ्या आईच्या भाषेत मिठाला मीठच म्हणतात, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

मंदा सुरतेजवळच्या चलथाणची. तिच्या वडिलांचा जन्म तिथल्या साखर कारखान्यात गेला. तिनं विचारलं, "हार्टला साखर बंद? नीट ऐकलंत ना?"

"मला गुजराती शिकवतेस?" मी म्हणालो.

आबांचा चहा फिका झाला. बिचाऱ्यांचं गोड गेलं म्हणून मला इतकं वाईट वाटायचं की त्याची भरपाई म्हणून रोज कामावरून येताना गाठिया आणायचो, सोबत मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या. रविवारी लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा खारा सुरती नाश्ता. जेवताना पापड, लोणचं, कुरडई. आबा मुकाट्यानं खायचे. दोन आठवड्यांत पाय खांबासारखे झाले.

पुन्हा डॉक्टर. "मीठुं बंध कर्युं?"

"एकदम बंद साहेब," मी छाती काढून म्हणालो. "चहासुद्धा फिका देतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चामां मीठुं नाखो छो तमे?"

तुम्ही चहात मीठ घालता? मागे बाकावर बसलेले आबा आधी हसले, मग धाप लागेपर्यंत हसले. मी त्यांची पाठ चोळत होतो आणि ते एकेक शब्द सुटा करत म्हणत होते, "मीठ म्हंजे मीठ रे भो. तुले गुजराती येस, हिंदी येस, फक्त मराठी येत नही."

(घरात आम्ही सगळे अहिराणीच बोलतो. इथं लिहिताना आबांचं बोलणं तेवढं तसंच ठेवलंय, बाकीच्यांचं पुस्तकी केलंय. मंदाची त्याला हरकत आहे. तिच्या मते ती पुस्तकात फार शहाणी वाटते.)

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण त्याच दोन आठवड्यांत मी आणखी एक गोष्ट केली होती, आणि तिला हसता येत नाही. सूज उतरत नाही म्हणून मला वाटलं होतं, आबा चोरून पाणी पितात. मी तसं त्यांना चारचौघांत म्हणालो होतो. आणि तेही पाण्याच्या जागेवर.

परब

पाणपोईला सुरतेत परब म्हणतात. आबांची परब आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. पाच मडकी, भोवती ओलं गोणपाट, वर चटईचं छप्पर, आणि लांब दांड्याचं ओगराळं. समोर सांच्यांची खाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. आबांची उमर त्यातच गेली होती. कान मागांच्या खडखडाटानं अर्धे गेलेले. काम सुटल्यावर गावी परत जातील असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी त्याऐवजी मडकी आणली. होळी झाली की परब मांडायची आणि पाऊस लागला की उचलायची. सकाळी पाळी बदलताना कारागीर बाहेर पडायचे, केसांत धाग्यांचा कापूस, घशाला कोरड. ओळीनं आबांपुढे ओंजळ धरायचे.

आबांचा एकच नियम होता. पाणी देणाऱ्यानं 'पुरे का?' असं विचारायचं नाही आणि आपण होऊन थांबायचंही नाही. धार चालू ठेवायची. पुरे म्हणायचा हक्क पिणाऱ्याचा. ओंजळीला तोंड लावलेला माणूस बोलणार कसा, म्हणून तो मान हलवतो. मान हलली की धार थांबवायची. त्याआधी नाही.

अशा माणसाला डॉक्टरांनी दिवसाला चार ग्लास पाणी ठरवून दिलं होतं. वैशाखात, सुरतेच्या घामट उन्हात, पाच मडक्यांच्या शेजारी बसून चार ग्लास.

मी त्या दिवशी पाळीवर जाता जाता परबेवर थांबलो आणि विचारलं, "आबा, खरं सांगा. आज किती झाले?"

"दोन."

"खोटं बोलता."

दोन-तीन कारागीर ओंजळ धरून उभे होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाच्या ओंजळीत धार धरली. हात हलला नाही. त्यांची तहान माझ्या गाठियांची होती, हे मला आठवड्यानं कळलं. दवाखान्यातून परत येताना रिक्षात मी माफी मागितली. रिक्षाच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही. पुन्हा मोठ्यानं मागितली, तर रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. आबांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि विचारलं, "आज संध्याकाये गाठिया नही ना?"

त्या घरात चूक कबूल करणाऱ्याला एवढीच शिक्षा मिळायची. मला ती पुरेशी लागली.

लपून प्यायलेलं पाणी

ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांना हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एकाचं पाणी बंद झालं की सगळं घर चोर होतं. मी मोरीत जाऊन, दार लावून पाणी प्यायचो, कुणी चोरून विडी ओढावी तसा. मंदा ओट्याकडे तोंड करून, पाठमोरी प्यायची. मुलांना सांगून ठेवलं होतं की आबांसमोर ग्लास न्यायचा नाही. धाकटी तर शेजारी जाऊन पिऊन यायची आणि येऊन सांगायची, "आई, मी पाणी नाही प्यायले."

एक दिवस मी मोरीतून मिशी पुसत बाहेर आलो तर आबा समोर.

"मनासमोर पे," ते म्हणाले. "तुमनं पाणी देखीसन मनी तहान वाढत नही. तुमना चोरटा तोंडं देखीसन वाढस."

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा माणसासारखे पाणी प्यायला लागलो.

त्यांच्या चार ग्लासांसाठी मी एक बाटली आणली होती. सकाळी भरायची आणि दिवसभर त्यातूनच द्यायचं. बाटलीवर मुलीच्या नेलपॉलिशनं लाल रेघा मारल्या. कामावरून आलो की आधी बाटली उजेडात धरून बघायचो. मंदा एकदा चिडून म्हणाली, "तुम्ही नातू आहात का मुकादम? दिवसभर त्यांच्याबरोबर मी असते. मला विचारा ना."

भांडण खरं म्हणजे बाटलीवरून नव्हतं. ती दिवसभर करत होती आणि मी संध्याकाळी येऊन तपासत होतो. आजारपणात घरात असं एक माणूस तयार होतं, हाताला काम कमी आणि तोंडाला जास्त. आमच्याकडे तो मी होतो. हे कळायला मला तीन आठवडे आणि मंदाचा दोन दिवसांचा अबोला लागला. त्यानंतर आबांचे पाय संध्याकाळी मी चेपायचो, अंघोळीचं पाणी मी काढायचो, आणि बाटलीकडे बघायचं नाही असं ठरवलं. (बघायचो. पण ती आत असताना.)

मंदानं वेगळा स्वयंपाक करायचं सोडून दिलं. सगळ्या घराचंच जेवण बिनमिठाचं करायला लागली आणि ज्याला हवं त्यानं ताटात वरून घ्यायचं. भरीताला लिंबू, डाळीला भाजलेलं जिरं, भाकरीबरोबर कैरीची फोड. पहिला घास घेतल्यावर माझा चेहरा बघून आबा म्हणाले, "दख, आत्ते तुले मीठ कळनं."

तहान लागली की आबा लवंग तोंडात धरायचे. ग्लास हातात घेतला की घोट घोट, मधे थांबून, खिडकीबाहेर बघत. आणि ग्लासात तळाशी बोटभर राहिलं की तो खाली ठेवायचे. "पुरे." सगळं पाणी संपवून हात पुढे केला आहे, आणखी मागितलं आहे, असं मी एकदाही पाहिलं नाही. मी मुकादम व्हायला टपून बसलेलो होतो, पण सव्वा वर्षात 'पुरे' हा शब्द मला एकदाही वापरता आला नाही. दर वेळी त्यांनी तो माझ्याआधी वापरला.

नऊ दिवस

पहिल्याच उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या छातीत पाणी भरलं. दुपारी जेवून उठले आणि श्वासच मिळेना. ओठ निळे. आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. ऑक्सिजनची नळी लावली, सुई दिली, आणि वॉर्डात पलंग मिळाला.

पहिल्या दिवशी मी व्हरांड्यात पाण्याच्या कूलरशेजारी उभा राहून रडलो. मागे कोपऱ्यात तोंड करून रडत होतो, तरी एका बाईनं खांद्यावर टकटक केलं. वाटलं धीर द्यायला आली. ती म्हणाली, "भाई, ग्लास छे?" मी ग्लास दिला. ती पाणी घेऊन गेली, ग्लास परत आणून दिला, आणि तोपर्यंत माझं रडं थांबलं होतं. तेही एक प्रकारचं औषधच म्हणायचं.

दवाखान्याचा दिवस ठरलेला. सकाळी झाडलोट, मग मोठे डॉक्टर, मग सुया, मग भेटायला येणारे. सुरतेत पेशंटला भेटायला येणारा माणूस हातात शहाळं घेऊन येतो. आबांना तर पाणी बंद. परत नेणं बरं दिसत नाही, फेकणं तर नाहीच. पलंगाखाली सात शहाळी जमली आणि दोन दिवसांत ती सातही मी प्यायलो. तिसऱ्या दिवशी पोट धरून मीच सिस्टरसमोर उभा. सिस्टर केरळची होती. म्हणाली, "दादा ठीक हो रहा है, पोता बीमार हो रहा है."

पलंगाला एक कागद टांगलेला असायचा, त्यावर किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली याची नोंद. इतर पेशंट सिस्टरला फसवायचे. कुणी उशीखाली बाटली ठेवायचा, कुणी नातेवाइकाला आंघोळीच्या तांब्यातून पाणी आणायला लावायचा. आबा उलट. नळी नाकात, आवाज खोल गेलेला, तरी सिस्टर आली की बोट वर करायचे. "चूळ भरतांना एक घोट गया. लिखो."

सिस्टरनं सहाव्या दिवशी शेजारच्या पलंगावरच्या माणसाला झापताना आमच्या आबांकडे बोट दाखवलं. "उनको देखो. वो दादा अपने पानी की चोरी नहीं करता."

मी आयुष्यात माझ्या कुठल्याही प्रमाणपत्रानं इतका फुगलो नाही. प्रमाणपत्रं तशी फारशी नाहीतही.

अण्णा

दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात गावाहून माझे वडील आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अमळनेरकडे आमची थोडी शेती, ती ते बघायचे. त्यांना सगळं कळलेलं होतं. मिठाचंही. चप्पल काढायच्या आधी ते मला म्हणाले, "तुझ्या भरवशावर ठेवले होते. तू त्यांना फरसाण खायला घातलंस."

मी पाणी आणायला आत गेलो.

अण्णांचा विचार पक्का होता. आबांना गावी न्यायचं. मोठी खोली आहे, सावली आहे, माणसं आहेत. इथं दोन खोल्यांत आणि रस्त्याच्या कडेला पाण्याची मडकी घेऊन बसणारा हार्टचा पेशंट, हे त्यांना पटत नव्हतं. "आबा, परब म्हणजे आता तुमचा जीव घ्यायची जागा आहे," ते म्हणाले. "तिथं बसून तुम्ही चार ग्लासांवर राहणार? मी तरी राहिलो नसतो."

मला वाटलं आबा रागावतील. ते म्हणाले, "बरोबर शे. तू ऱ्हायना नसता."

मंदानं चहा आणला. आबा म्हणाले, "तठे हीर शे, नळ शे, घरोघर माठ शे. तठे मना हातनं पाणी पेवाले कोन येई?"

अण्णा माझ्याकडे वळले. "तू काय म्हणतोस?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आबा परबेवर गेले तर माझ्या डोळ्यांसमोर कोसळतील आणि पुढे जन्मभर सगळे म्हणतील, याच्या हातून गेले. गावी पाठवलं तर माझ्या हातून सुटका होती. मी दाराकडे बघत म्हणालो, "आबा म्हणतील तसं."

अण्णा चार दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता ते आबांबरोबर परबेवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघाले. एकटेच. निघण्यापूर्वी बाजारात जाऊन एक मोठं मडकं घेऊन आले आणि परबेवर सहावं म्हणून ठेवलं. मला म्हणाले, "उन्हात टोपी घालायला लाव त्यांना." मिठाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

वीस पावलं

पुढचं वर्ष कसं गेलं ते परबेच्या हिशेबानंच सांगता येईल.

आधी आबा नळावरून दोन हंडे स्वतः आणायचे. आजारानंतर हंडे मी आणायचो, मडकी ते भरायचे. मग मडकीही मी भरायचो, ते फक्त ओगराळं धरायचे. मग उजवा हात थकला की डाव्या हातानं मनगट धरायचे. दुसऱ्या वर्षी होळीनंतर परब मांडली तेव्हा त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. घरापासून परब वीस पावलं. आधी एका दमात जायचे, मग मधे एकदा थांबून, मग तीनदा. थांबले की ते असं दाखवायचे की जणू शेजाऱ्याच्या दारातली तुळस बघायला थांबलेत. त्या तुळशीकडे इतकं बारकाईनं कुणी पाहिलं नसेल. मी मागून चालायचो, हात पुढे न करता. एकदा हात धरायला गेलो तर ते म्हणाले, "मी पडानू तं तू हसजो." पडलो तर हस. ते पडले नाहीत.

मग एका सकाळी उंबऱ्यापर्यंत आले आणि परत वळले. खाटेवर बसून राहिले. "आज नही," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आज नही. तिसऱ्या दिवशी दारात एक कारागीर उभा राहिला. ओरिसाचा, रघू नाव, समोरच्या खात्यातला. चार वर्षं आबांच्या हातचं पाणी पीत होता आणि आमच्या दारात पहिल्यांदाच आला होता. हिंदीत म्हणाला, "बाबा तीन दिन से दिखे नहीं."

आबांनी मला हाक मारली. "सुट्टी शे ना आज तुले? जाय. बठ."

मी गेलो. जाऊन काय केलं ते रघूनं आबांना सांगितलं, मला सांगायची गरजच पडली नाही. मी ओगराळं तिरकं धरलं, पाणी ओंजळीऐवजी कोपरावर. एकाला पुरलं असेल म्हणून धार थांबवली, तर तो वर बघून म्हणाला, "क्या हुआ, ख़तम?" एकाला मी चक्क विचारलं, "बस?" रांगेत हशा.

संध्याकाळी आबांनी माझी शाळा घेतली. खाटेवर उशीला टेकून, श्वास मोजत. मी ओगराळ्यातून पाणी ओतायचं आणि माझ्या मुलीनं ओंजळ धरून प्यायचं. पहिल्यांदा तिच्या फ्रॉकवर सांडलं. दुसऱ्यांदाही.

"हात वर ठेव," आबा म्हणाले. "धार तुटाले नको. आणि मडकाकडे काय दखस? त्यानी मान दख. मान हालनी का थांबानं."

मी मुलीच्या मानेकडे बघत धार धरली. ती पीत राहिली, पीत राहिली, मला छळायला म्हणून जास्तच प्यायली, आणि मग मान हलवली. मी थांबलो.

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. ते म्हणाले, "आत्ते बरं जमनं." त्यांनी माझं असं कौतुक याआधी कधी केल्याचं मला आठवत नाही. पाणी ओतता येणं ही काय कौतुकाची गोष्ट आहे? पण त्या संध्याकाळी मी मंदाला ते तीनदा सांगितलं.

आषाढात ते गेले. पाऊस लागला होता, परब उचललेली होती. आदल्या दोन दिवसांत डॉक्टर घरी येऊन गेले होते आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, या वेळी हिंदीत, अगदी सोपं बोलले होते. मी समजून घेतलं. त्या सकाळी आबांनी बाटलीतला पहिला ग्लास घेतला, तळाशी बोटभर ठेवून. दुपारी मंदानं बाटली उचलून विचारलं, "आबा, दुसरा देऊ?" त्यांनी मान हलवली. तिनं बाटली खाली ठेवली. तासाभरानं गेले, बसलेले असतानाच, भिंतीला टेकून.

बाटलीत तीन ग्लास पाणी उरलं होतं.

गावाहून अण्णा आणि भाऊबंद पोचेपर्यंत घरात आम्ही चौघंच असू असं मला वाटलं होतं. पाळी सुटली आणि गल्ली भरली. मला नावं माहीत नसलेली माणसं. काही मराठी, काही ओरिसाची, काही उत्तरेकडची. केसांत कापूस तसाच. खांदा द्यायला इतके लोक पुढे झाले की तापीच्या काठापर्यंत माझी पाळी दोनदाच आली. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "हे सगळे कोण?" मी म्हणालो, "परबेवरचे." त्यांनी मागे वळून त्या गर्दीकडे पाहिलं आणि पुन्हा वळून चालायला लागले, पण आता ताठ.

आखाजी

पुढच्या वर्षी होळी झाली आणि मी परब मांडली नाही. पाळी बदलली होती, कंबर दुखत होती, मुलांच्या परीक्षा होत्या. माझ्याकडे कारणं कधीच कमी पडत नाहीत. मडकी घरामागे पालथी घालून ठेवली होती. रघू दोनदा भेटला. त्या रिकाम्या चटईच्या छपराकडे बघून पुढे गेला. मंदा त्याबद्दल काही बोलत नव्हती. ती बोलत नसली की मला जास्त भीती वाटते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आम्हा खानदेशी लोकांत त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची घागर तर भरावीच लागते. सकाळी मी नवी मातीची घागर धुतली, भरली, तिच्या तोंडावर लहान मडकं ठेवलं, त्यावर खरबूज. आंबे आणले. मंदानं सांजोऱ्या तळल्या, पुरण घातलं. या सगळ्यात माझे डोळे भरून आले होते, आणि ते तसे दिसावेत अशीही थोडी इच्छा होती. घागर उचलून मी आतल्या खोलीत देवाच्या कोपऱ्यात ठेवली आणि हात जोडून बसलो.

मंदा पदराला हात पुसत आली. घागरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही इथं कोपऱ्यात ठेवून कोण पिणार?" ती म्हणाली. "उचला, छपराखाली नेऊन ठेवा. मागची मडकी मी धुऊन ठेवलीत, तीही न्या. पाळी सुटायला अर्धा तास आहे. आणि हो, तो सदरा बदला आधी. त्यांच्या जागेवर बसायचंय तुम्हाला."